कुत्रीची जात आणि माझं आडनाव

रविवारी अकराला फोनवर वर्ग सुरू होणार होता आणि मी साडेदहापासूनच केस विंचरून, इस्त्रीचा कुर्ता घालून घराच्या मागच्या मोकळ्या जागेत उभी होते. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या दिवसाचा निम्मा राग माझा माझ्यावरच आहे. कुत्र्यांच्या वर्गाला मी लग्नाला निघाल्यासारखी नटले होते.

नावं मी कोणाचीच लिहिणार नाही. वर्गातल्या लोकांची लिहिली तर भांडण नव्याने उभं राहील. माझं लिहिलं तर वाचणाऱ्यांपैकी काही जण आधी आडनाव बघतील, आणि मग पुढचं त्या नजरेने वाचतील. मला ते नको आहे.

मी बुलढाण्याजवळच्या धाडला राहते. जवळच्या गावातल्या सरकारी दवाखान्यात आरोग्यसेविका आहे. लोक नर्सबाई म्हणतात. माहेर संग्रामपूरकडचं. लग्नाला सोळा वर्षं झाली तरी माझी जीभ तिकडचीच राहिली, अजूनही ‘मले’ आणि ‘तुले’ करते. दवाखान्यात कुत्रं चावलेल्यांना मी सुया टोचते आणि घरी कुत्री पाळते, यावरून गावात पुष्कळ विनोद होतात. त्या विनोदांचा मला कधी राग आला नाही.

ही कुत्री दवाखान्याच्या आवारातच सापडली. तांबूस रंगाची, एक कान दुमडलेला, पोट पाठीला लागलेलं. फाटक बंद असलं की ती छातीएवढी भिंत ओलांडून आत यायची आणि आमच्या डब्यातलं उरलेलं खाऊन तशीच परत उडी मारून जायची. एक दिवस पाऊस फार होता, म्हणून मी तिला गाडीवर पुढे बसवून घरी आणलं. मग ती गेलीच नाही.

फोनवर एकदा एक व्हिडिओ पाहिला. हिरव्यागार मैदानावर कुत्रं धावतंय, आडव्या दांड्यांवरून उड्या मारतंय, बोगद्यातून निघतंय, ओळीने रोवलेल्या काठ्यांमधून सापासारखं नागमोडी जातंय आणि मालकीण हातवारे करत बाजूने पळतेय. त्याला ॲजिलिटी म्हणतात असं खाली लिहिलं होतं. मी तो व्हिडिओ माझ्या मोठ्या जावेला दाखवला. आमची घरं एकाच आवारात आहेत. ती शेती बघते, चौथीपर्यंत शिकलेली, आणि बोलायला लागली की तोंडाला फडकं बांधावं लागेल अशी.

ती म्हणाली, “हे तं आपलीवाली रोज करते. यात काय शिकाचं आहे?”

पण तिनेच मग ठिबकच्या जुन्या नळ्या काढून दिल्या. त्यांच्या मी आडव्या दांड्या केल्या. निळ्या प्लास्टिकच्या दोन ड्रमांची बुडं कापून ते जोडले, बोगदा झाला. नागमोडी पळायला तुराट्या रोवल्या, बारा. आठवडाभरात कुत्री उड्या मारायला लागली. बोगद्यातही गेली. तुराट्यांमध्ये मात्र गोंधळायची. चौथ्या-पाचव्या काठीला बाहेर पडायची आणि माझ्याकडे बघायची. तेवढ्यासाठी मी पुण्याच्या एका बाईंच्या ऑनलाइन वर्गात नाव घातलं. आठ रविवार, मराठीतून, घरबसल्या.

आदल्या दिवशी मॅडमचा निरोप आला होता: उद्या सगळे आपापली ओळख करून देतील. तुमचं नाव, गाव, कुत्र्याचं नाव, जात, वय आणि स्वभाव.

जात. मराठीत कुत्र्याची पण जातच असते, त्याला कोण काय करणार. मी तो निरोप वाचला आणि मनात काही आलं नाही. आलंच नाही, याचाही आता राग येतो.

जाऊ फोन धरून उभी राहिली आणि मी कुत्रीला घेऊन समोर. पडद्यावर बारा चौकटी उघडल्या. आधी मॅडमनी स्वतःची आणि त्यांच्या बॉर्डर कोली कुत्र्याची ओळख करून दिली. मग ठाण्याचं जोडपं आलं. बायको काही सांगायची आणि नवरा ते दुरुस्त करायचा. ती म्हणाली तीन वर्षांचा, तो म्हणाला दोन वर्षं अकरा महिने. नाशिकच्या एका काकूंचा लॅब्रॅडोर इतका जाड होता की चौकटीत मावेना. “हा आमचा धाकटा मुलगा,” त्या म्हणाल्या, “थोरला अमेरिकेत असतो, हा निदान घरी तरी असतो.” कोल्हापूरच्या एका मुलीचा बीगल बोगद्याला घाबरायचा, पलंगाखालीसुद्धा जायचा नाही. सांगता सांगता तिचा गळा भरून आला, आणि बीगल मागे शांतपणे तिची चप्पल खात होता. नागपूरचे एक डॉक्टर होते, ते फार बोलले नाहीत. खरं सांगते, तिथपर्यंत मला फार मजा येत होती. मला वाटलं, चला, आपल्यासारखे कुत्र्यांचा नाद असलेले लोक जगात आहेत.

मग एक निवृत्त साहेब आले. पुण्याचे. सगळे त्यांना सर म्हणत होते. मागे भिंतीवर चषक मांडलेले आणि पायाशी जर्मन शेफर्ड बसलेला, अगदी पुतळा.

“याच्या चार पिढ्यांचे कागद आहेत माझ्याकडे,” ते म्हणाले. “आजोबा थेट जर्मनीहून आलेला. रक्त एकदम शुद्ध. आमच्या कॉलनीत मोकाट कुत्र्या फार आहेत, पण त्यांच्या वाऱ्याला म्हणून मी याला उभं राहू दिलेलं नाही.”

जाऊ फोनच्या मागून हळूच म्हणाली, “सोयरीक जमवून राह्यले काय हे?”

मला हसू आलं. ते दाबत असतानाच मॅडमनी माझं नाव घेतलं.

मी आदल्या दिवसापासून आरशासमोर सराव केला होता. ‘नमस्कार, मी धाडहून बोलत आहे.’ तोंड उघडलं आणि बाहेर आलं, “नमस्कार, मी धाडवरून बोलून राह्यली.”

दोन-तीन चौकटींमध्ये ओठ हलले. मी पाहिलं. पुढे बोलले. माझं पूर्ण नाव सांगितलं, कुत्रीचं सांगितलं, चार वर्षांची असेल म्हणाले, उड्या चांगल्या मारते, काठ्यांमध्ये चुकते.

“आणि जात?” मॅडमनी विचारलं. त्यांनी चांगल्या मनानेच विचारलं होतं.

“गावठी.”

“अरे वा. आता त्यांना इंडी म्हणतात. फार काटक असतात.”

तेवढ्यात साहेबांनी आपला माइक उघडला. “मॅडम, इंडी ही काही जात नव्हे. ज्याचा बाप माहीत नाही त्याला इंडी म्हणायची आता फॅशन आलीय.” कोणीतरी हसलं. मग ते मला म्हणाले, “ताई, तुमचं आडनाव नीट ऐकू आलं नाही. परत सांगता का?”

तोपर्यंत सात जणांची ओळख झाली होती. सातांपैकी एकाचंही आडनाव कोणी परत विचारलं नव्हतं.

मी सांगितलं.

“अच्छा,” साहेब म्हणाले. मध्ये थोडं थांबले. “अच्छा, अच्छा. मग बरोबर आहे.” आणि बाकीच्यांकडे वळल्यासारखं करून म्हणाले, “मालक तसं कुत्रं म्हणतात, ते काही खोटं नाही.”

ठाण्याचं जोडपं हसलं. नाशिकच्या काकू हसल्या. त्यांना किती कळलं आणि किती नाही, मला माहीत नाही.

आम्ही बौद्ध. हा ‘अच्छा’ मी पहिल्यांदा ऐकत नव्हते. प्रशिक्षणाला बुलढाण्यात असताना खोली बघायला गेले होते, तिथल्या घरमालकीणबाईंनी चहा दिला, पोहे दिले, नळाला पाणी किती वाजता येतं ते सांगितलं. मग आडनाव विचारलं. “अच्छा,” त्या म्हणाल्या, “अगं, पण ती खोली तर कालच दिली गं.” तो ‘अच्छा’ आणि हा ‘अच्छा’, दोन्हींची लांबीसुद्धा सारखी. माणूस ‘अ’वर किंचित रेंगाळतो आणि तेवढ्या वेळात तुम्हाला उचलून दुसऱ्या खणात ठेवतो.

मी बोलायला लागले. संताप होता, पण शब्द नीट येत होते. चार-पाच वाक्यं बोलले असेन. चांगली होती ती. मग लक्षात आलं की पडद्यावर कोणाच्याच चेहऱ्यावर काही नाही, आणि मॅडम तर पुढच्या माणसाचं नाव घेताहेत.

जाऊ म्हणाली, “बाई, तुहा आवाज बंद केला त्यायनं.”

मला आता ती वाक्यं आठवतही नाहीत. कोणी ऐकलीच नाहीत.

वर्ग संपला. मी कुर्ता बदलला नाही, पाणी प्यायले नाही, कुत्रीला घेऊन सरळ सरावाला लागले. तिने पहिली दांडी पाडली. परत आणली, परत पाडली. तिसऱ्यांदा पाडली तेव्हा मी ती नळी उचलली आणि सगळ्या ताकदीने फेकली. तिला मारायला नाही. पण ती तुराट्यांवर आदळली, दोन तुराट्या मोडल्या आणि कुत्री तिथेच उभी होती. ती केकाटली नाही. पोट जमिनीला टेकवलं, कान मागे नेले आणि सरपटत माझ्याकडे आली. माझ्याकडेच आली. ते मला सोसलं नाही.

जाऊ दारातून बघत होती. “ज्याच्यावर राग हाय त्याच्यावर काढ ना,” ती म्हणाली. “तिच्यावर काऊन काढतं?”

त्यानंतर कुत्री तुराट्यांकडे फिरकेना. मी तिकडे वळले की ती ड्रमाच्या मागे जाऊन बसायची. साहेबांनी जे केलं ते केलंच, पण हे मी केलं होतं. आणि याचाही हिशेब मी त्यांच्याच नावावर टाकत होते. अजूनही टाकते.

नवऱ्याला सांगितलं. ते वीज कार्यालयात आहेत, शांत माणूस. ते म्हणाले, “सोड ना. मी तं दिवसातून दोनदा असं ऐकतो.”

“म्हणून तिसरं मी ऐकाचं?”

“आता कुत्र्याच्या क्लाससाठी भांडशील काय?”

“कुत्र्याच्या क्लासमध्ये बी नाही भांडाचं, तं कुठी भांडाचं सांगा.”

जेवताना त्यांनी माझ्या ताटात आपल्या हाताने भाजी वाढली. माझा राग त्याने कमी झाला नाही, पण वाढायचा थांबला.

सोमवारी दवाखान्यात कुत्रं चावलेला एक शेतकरी आला. माझ्या ओळखीचा, नेहमी हसून बोलणारा. सुई दिल्यावर म्हणाला, “नर्सबाई, कुत्र्यानं बी इतकं जोरात नव्हतं धरलं.” मी बघितलं तर त्याच्या दंडावर माझी चार बोटं उमटली होती.

मग मी मॅडमना निरोप लिहिला. तीनदा लिहिला, दोनदा पुसला. शेवटी एवढंच ठेवलं: ‘माझी ओळख अर्धवट राहिली. सरांनी मला आडनाव विचारून जे म्हटलं त्यावर मी बोलत होते तेव्हा तुम्ही माझा माइक बंद केला. पुढच्या रविवारी मला दोन मिनिटं हवी आहेत.’

उत्तर आलं: ‘ताई, सरांचा स्वभाव गमतीशीर आहे, मनावर घेऊ नका. आपण सगळे डॉग लव्हर्स आहोत. ग्रुपचं वातावरण पॉझिटिव्ह ठेवूया.’ शेवटी जोडलेले हात, दोनदा.

मी फोन पालथा ठेवला आणि अर्धा किलो लसूण सोलला. घरात लसूण भरपूर होता, गरज नव्हती. पण काहीतरी सोलायचंच होतं.

दुसऱ्या रविवारी प्रत्येकाने आपापल्या अंगणात किंवा गच्चीवर एक उडी आणि बोगदा दाखवायचा होता. या वेळी मी दवाखान्यातून आल्यावर घालते तो साधा गाऊन घातला, वर ओढणी. जाऊ फोन धरायला उभी राहिली, तोंडात सुपारी. साहेबांचा शेफर्ड अगदी देखणी उडी मारून गेला, ते मी कबूल करते. बीगल बोगद्याच्या तोंडाशी जाऊन मुतला आणि परत आला. मग माझी पाळी आली. मॅडमनी माइक उघडला.

मी कुत्रीला बसवलं आणि म्हणाले, “आधी माह्यी ओळख राह्यली होती, ती करते.” मुद्दाम तसंच म्हणाले. आरशासमोरची मराठी मी त्या दिवशी घरातच ठेवली होती.

“मी आरोग्यसेविका आहे. कुत्रं चावलेल्या माणसाला पहिली सुई मी देते, मग तो कोणाचा कोण आहे ते मी विचारत नाही. ही माह्यी कुत्री, गावठी. हिचा बाप मले माहीत नाही, तिले बी माहीत नाही आणि तिचं त्यावाचून काही अडलेलं नाही. मागच्या वेळी सरांनी माह्यं आडनाव परत विचारलं, आणि ते ऐकून मालक तसं कुत्रं म्हणाले. त्याचा अर्थ मले समजला. तो सगळ्यायले समजावा म्हणून मी सांगून राह्यली.”

साहेब लगेच बोलले. “बाई, हा कुत्र्यांचा वर्ग आहे. इथे जातीपातीचं काढू नका.”

“जात तुम्ही काढली सर.”

“मी कुत्र्याची विचारली होती.”

“कुत्रीची विचारली तेव्हा मी गावठी म्हणून सांगितलं. मग आडनाव कोणाचं विचारलं? कुत्रीचं?”

नागपूरच्या डॉक्टरांनी मान खाली घातली. ठाण्याच्या नवऱ्याने आपला कॅमेरा बंद केला. मॅडम म्हणाल्या, “ताई, प्लीज, आपण हा विषय इथे नको...” तेवढ्यात कोल्हापूरच्या बीगलवाल्या मुलीचा आवाज आला, “त्यांना बोलू द्या ना.” आणि पडदा काळा झाला. मधोमध दोन ओळी उमटल्या, तुम्हाला मीटिंगमधून काढण्यात आलं आहे.

“काय झालं?” जाऊ म्हणाली. “नेटवर्क गेलं?”

“काढलं मले.”

“काढलं?”

“हाव.”

मग जाऊ जे बोलली ते लिहिण्यासारखं नाही. साहेबांच्या आणि शेफर्डच्या मिळून चार पिढ्या तिने उद्धरल्या. शेजारची बाई कुंपणापाशी येऊन उभी राहिली. मी मात्र हसत होते की रडत होते ते मलाच कळत नव्हतं. कुत्री अजून बसलेली होती. मी तिला उठायला सांगितलंच नव्हतं.

दुपारी मॅडमचा फोन आला. आवाज खूप गोड. “ताई, तुम्ही दुखावल्या आहात, मला समजतंय. मी एक सुचवू? तुम्हाला मी वेगळा वर्ग देते. फक्त तुम्ही आणि तुमची कुत्री. तुम्हाला जास्त लक्ष मिळेल.”

वेगळा. माझी आई संग्रामपूरकडे दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जायची. लहान असताना मीही सोबत जायची. चहाच्या वेळी त्या घरच्या बाई सगळ्या बायकांना एकाच पातेल्यातून चहा ओतायच्या. आमच्या दोघींचे कप मात्र गोठ्याच्या वळचणीला खोचलेले असायचे. आई ते काढायची, झाडाच्या पानाने आतली कोळिष्टकं पुसायची, धुवायची आणि पुढे करायची. चहा तोच असायचा. बाईसुद्धा वाईट नव्हत्या, ताप आला तर गोळी द्यायच्या. त्यांना वाटायचं, चहा तर देतोच आहोत.

“वेगळा नको मॅडम,” मी म्हणाले. “सगळ्यांसोबतच पाहिजे.”

“अहो, तुमच्याच सोयीसाठी म्हणतेय.”

“सर तिथंच राहणार?”

“त्यांनी वर्ग सोडावा असं काही झालेलं नाही ना.”

“मग मी सोडावा असं काय झालं?”

“तुम्ही विषय काढलात, ताई.”

“विषय त्यांनी काढला. मी फक्त त्याले नाव देलं.”

त्यांनी विचार करून कळवते म्हणून फोन ठेवला. कळवलं नाही. पण वर्गाची लिंक दर आठवड्याला आपोआप सगळ्यांना जायची, ती मलाही येत राहिली. तिसऱ्या रविवारी अकराला मी ती दाबली. पडद्यावर आलं, थांबा, आयोजक तुम्हाला आत घेतील.

थांबले. दहा मिनिटं, वीस मिनिटं. जाऊ म्हणाली, “बंद कर ना. काऊन उभी राह्यली?”

“त्यायले तिथं माह्यं नाव दिसत असंल. दिसू दे.”

पूर्ण तास मी उभी राहिले. आत घेतलं नाही. चौथ्या रविवारी परत तेच. पाचव्या रविवारी परत. नवरा म्हणाले, हा वेडेपणा आहे. असेल. पण मी आयुष्यात जिथे जिथे ‘अच्छा’ ऐकून गप पायऱ्या उतरले होते, त्या सगळ्या दारांपुढे मी तो तास उभी असायची. हातात साखळी, समोर फोन आणि डोक्यात रक्त. दुसरीकडे कुठे मला एवढं सरळ उभं राहता आलं नव्हतं.

या मधल्या दिवसांत जावेने एक काम केलं. मी दवाखान्यात गेल्यावर ती कुत्रीला तुराट्यांकडे न्यायची. पळवायची नाही, हाक मारायची नाही. फक्त भाकरीचे तुकडे घेऊन काठ्यांमध्ये खाली बसायची. पहिल्या दिवशी कुत्री लांबून बघत राहिली. मग एक काठी, मग दोन. मला तिने काही सांगितलं नाही. एका संध्याकाळी मी घरी आले तर जाऊ कमरेवर हात ठेवून उभी, आणि कुत्री तिच्या हाताच्या मागे मागे तुराट्यांमधून हळूहळू वळत चाललेली.

“मी पळू नाही शकत,” जाऊ म्हणाली, “म्हणून ते बी हळू शिकली.”

मी खाली बसले. कुत्री माझ्याकडे आली, या वेळी चारी पायांवर.

सहाव्या रविवारी दारात उभं राहून पंधरा मिनिटं झाली असतील, आणि अचानक चौकटी उघडल्या. नंतर बीगलवाल्या मुलीने मला फोन करून सांगितलं की तिने वर्गात सगळ्यांसमोर विचारलं होतं, “मॅडम, त्या दर रविवारी बाहेर उभ्या असतात ना? तुम्हाला त्यांचं नाव दिसतं ना?” मॅडम म्हणाल्या, हो, दिसतं. आणि मग मॅडमनी बटण दाबलं.

तिने हे सांगितल्यावर पुढे म्हणाली, “मी जात वगैरे काही मानत नाही हो ताई.” चांगली मुलगी आहे. तरी मी तिला म्हणाले, “तू मानत नसशील पोरी, पण तुले कोणी आडनाव दोनदा विचारत नाही, म्हणून न मानणं सोपं जाते.” ती म्हणाली, खरं आहे. ती एकटीच बोलली होती, आणि मी तिच्यावरही डाफरले. त्याचं मला वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतले नाहीत.

तर सहाव्या रविवारी मी आत गेले. साहेब होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कॅमेरा बंद केला. चौकटीत नुसतं त्यांचं नाव उरलं.

मॅडम म्हणाल्या, “ताई, झालं गेलं विसरून जाऊया. आज काठ्या आहेत. दाखवता?”

“विसरणार नाही मी,” मी म्हणाले. “पण दाखवते.”

जावेने फोन धरला. मी कुत्रीला सोडलं. पहिली दांडी, दुसरी, ड्रमातून आत आणि बाहेर, आणि मग तुराट्या. सात काठ्यांपर्यंत ती एकही न चुकता गेली. आठवीला बाहेर पडली. परत आत आणली, अकरावीपर्यंत गेली आणि मग तिला कुंपणावर कोंबडी दिसली. पुढचं सगळं कोंबडीच्या मागे झालं. जाऊ फोन तसाच धरून तिच्यामागे ओरडत पळाली, म्हणजे बाकीच्यांना बराच वेळ आमचं आभाळ दिसलं असेल.

कोणीतरी टाळ्या वाजवल्या. नागपूरचे डॉक्टर पहिल्यांदा बोलले, “आठव्या काठीला तुमचा खांदा वळतो, त्यामुळे ती बाहेर पडते. खांदा सरळ ठेवा.” ते खरं निघालं. सहा आठवड्यांत कुत्र्याबद्दल मला मिळालेली ती पहिली सूचना.

सातवा आणि आठवा रविवार मी हजर राहिले. साहेबांचा कॅमेरा दोन्ही वेळा बंद होता, फक्त शेफर्डची पाळी आली की उघडायचा. माफी त्यांनी मागितली नाही, मॅडमनीही नाही. वर्ग संपला तेव्हा सगळ्यांनी ग्रुपवर एकमेकांचे आभार मानले. मी कुत्रीचा एक फोटो टाकला, खाली काही लिहिलं नाही.

आता लोक विचारतात, झालं ना तुझ्या मनासारखं? घेतलं ना आत? झालं नाही. कुत्र्याला काठ्यांमधून पळवायला शिकायचं एवढंच माझ्या मनात होतं. त्यासाठी मला तीन रविवार दारात उभं राहावं लागलं, एकदा बाहेर फेकलं जावं लागलं आणि माझ्या मुक्या जनावरावर हात उगारावा लागला. बाकीच्यांनी फक्त कुत्रा आणला होता.

मागच्या महिन्यात नाशिकच्या लॅब्रॅडोरवाल्या काकूंचा निरोप आला. लांबलचक होता. त्यांनी लिहिलं होतं की पहिल्या दिवशी त्या हसल्या, पण साहेब काय म्हणताहेत ते त्यांना तेव्हा समजलं नव्हतं. नंतर सुनेने सांगितलं तेव्हा लाज वाटली. खरंच समजलं नव्हतं, असं त्यांनी दोनदा लिहिलं होतं.

चार दिवस मी उत्तर दिलं नाही. पाचव्या दिवशी दवाखान्यातल्या जेवणाच्या सुट्टीत लिहिलं, ‘काकू, समजलं नसेल यावर मी विश्वास ठेवते. पण समजलं नव्हतं, तर हसलात कशाला?’

काकूंनी ते वाचलं. निळ्या खुणा लगेच दिसल्या. उत्तर अजून आलेलं नाही.